नग दोन, पांढरे

बदक बुडतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. अगदी रीतसर बुडतं, बूड खाली आणि चोच वर. आणि बुडताना समोरच्या माणसाकडे असं बघतं की त्याला वाटावं, ह्याच्याऐवजी आपणच बुडालो असतो तर परवडलं असतं.

त्या दिवशी समोरचा माणूस होता कडकशेठ.

कडकशेठ म्हणजे कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तो दाखला हरवला तसं नावही गेलं. कांजी अशी घालायचे की त्यांच्याकडून आलेला सदरा आत माणूस नसला तरी खुर्चीवर ताठ बसून राहायचा. म्हणून कडक. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. घरामागं फरशीचं अंगण, अंगणात भंगारातून आणलेला न्हाणीघराचा टब, आणि त्या टबात काकूंची दोन बदकं.

काकूंची, हे नीट लक्षात ठेवा. शेठचा त्यांच्यात वाटा नव्हता. नर होता त्याचं नाव मुकादम, कारण काही काम न करता तो दिवसभर मान वर करून हिंडायचा. मादीचं नाव वहिनी. वहिनी बोलायची, आणि मुकादम मागून घोगऱ्या आवाजात हो हो करायचा. घरोघरी असतं तसंच.

तर झालं काय, काकूंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बारा दिवस जायचं ठरलं. शनिवारी निघायचं, पलीकडच्या गुरुवारी परत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण काकूंनी ह्या माणसाच्या हाती जिवंत असं काही सोपवलं नव्हतं. एकदाच एक गुलाबाचं रोप सोपवलं होतं. शेठनं प्रेमापोटी त्याला रोज उरलेली कांजी घातली. रोप मेलं. पण मेल्यावरही सहा महिने ताठ उभं होतं, हे शेठ आजही अभिमानानं सांगतात.

"हे बघा," काकू पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "टबातलं पाणी रोज बदला. पेंढा कोरडा ठेवा. दाणे वेळेवर द्या. बस्स. जास्तीचं काही करू नका."

"मी कधी जास्तीचं काही करतो?"

काकू दारात थांबून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताईचा गुडघा बरा झाला की आम्ही दोघी समुद्र बघायला जाणार आहोत. जन्मात बघितला नाही मी. पण ते सगळं ह्या बारा दिवसांवर आहे. परत येईन तेव्हा ही दोघं अशीच तरंगताना दिसली, तर जाईन. नाही दिसली, तर कुठं जाणार नाही. घरी बसेन, आणि का बसले ते तुम्हाला रोज सांगेन."

आता ही काय साधी धमकी झाली?

पहिले दोन दिवस बिनघोर गेले. शेठनं पाणी बदललं, पेंढा बदलला, दाणे दिले, आणि काकू ह्या कामाचा एवढा बाऊ का करतात असं त्यांच्या मनात यायला लागलं. माणूस घसरतो तो इथंच. सोमवारी सकाळी वहिनी टबाच्या मागं अडकून बसली, तिला उचलायला शेठनं हात घातला आणि हात मागं घेऊन बघितला, तर बोटं बुळबुळीत.

तेल!

तुम्हाआम्हाला काय, आपण पँटला हात पुसला असता आणि चहा टाकला असता. पण चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या कॉलरवरचं तेल काढलं, सून बघायला गेलेल्यांच्या शर्टावरचे रस्स्याचे डाग काढले, त्या माणसाच्या घरात, त्याच्या नाकाखाली, दोन तेलकट बदकं! आणि पोटाखाली चिखल तो वेगळाच. गिऱ्हाइकानं दारातून आत बघितलं तर काय म्हणेल? दिव्याखाली अंधार म्हणेल.

शेठनं बाह्या सरसावल्या.

एक मात्र कबूल करायला हवं, धुलाई त्यांनी मनापासून केली. रेशमी कापडासाठी ठेवलेला भारी साबण काढला. कोमट पाणी घेतलं. वहिनीला पंख पसरून, उलटसुलट करून, मऊ ब्रशनं धुतलं. वहिनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलत होती. मुकादमनं तिची अवस्था बघितली आणि स्वतःची पाळी आल्यावर मुकाट डोळे मिटले. शेवटच्या पाण्यात शेठनं सवयीनं चिमूटभर नीळ टाकली. पांढऱ्याला नीळ लागतेच, त्याशिवाय उठाव येत नाही. कांजी मात्र घातली नाही. एवढी अक्कल त्यांना होती.

आणि दिसली काय बदकं! नुसती बगळ्याची पिसं. शेठ दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. त्यांना वाटलं, काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल.

मग त्यांनी दोघांना टबात सोडलं.

पुढचं वर सांगितलंच आहे.

शेठनं चपलांसकट टबात पाय घातला आणि दोघांना बाहेर काढलं. भिजलेली पायपुसणी दिसतात तशी दिसत होती. अंग थरथरतंय, पिसं चिकटलेली, आणि वहिनी, जी जन्मात कधी गप्प बसली नव्हती, ती गप्प. शेठनं दोघांना टॉवेलात गुंडाळलं आणि पुढे दुकानातल्या वाळवणीच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती खोली कायम उबदार. तिथं दोरीवर कोट, साड्या, चादरी, आणि खाली टोपलीत दोन बदकं.

दुकानात सकाळी दोन माणसं ठरलेली. एक समोरचा छत्रीवाला मामा, छत्र्या दुरुस्त करणारा. दुसरे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी एकच सदरा रोज इस्त्रीला आणायचे आणि तो होईपर्यंत बनियनवर बसून फुकटचा पेपर वाचायचे.

"बदक बुडालं?" मामा म्हणाला. "शेठ, माझ्या छत्रीतनं गळतं म्हणून बोलता की हो मला! आता बोला."

"मामा, चेष्टा नको. उपाय सांग."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. गुरुजींनी पेपर खाली ठेवला की अर्धा तास गेला समजायचं. "मुळात पाणी आणि पीस यांचं नातं काय आहे, ते आपण समजून घेऊ," ते म्हणाले, आणि समजावत सुटले. शेवटी निघालं ते एवढंच, की पिसांवर मेण चोळावं. शेठनं मेणबत्ती आणली. मुकादमनं तिचा शेंडा तोडून गिळला आणि दुसऱ्या घासासाठी चोच उघडली. मेणाचा उपाय तिथंच संपला.

मामा कामाचा माणूस. तो बोलला नाही, माप घेऊन गेला. दुपारी परत आला तो छत्रीच्या काळ्या कापडाचे दोन कोट घेऊन. गळ्याशी नाडी, पोटाखाली बटण, पंखांना भोकं.

"हे घाला. थेंब आत शिरला तर मी धंदा सोडतो."

थेंब खरंच आत शिरला नाही. पण कोटाच्या आत आधीच असलेलं पाणी बाहेरही पडेना. कोट घातलेली दोन बदकं एकामागं एक दुकानातून चालत गेली तेव्हा गिऱ्हाइकं उभी राहून बघायला लागली, जणू दोन छोटे वकील कोर्टात निघालेत. शेठला हसूही येईना आणि रडूही.

संध्याकाळी काकूंचा फोन.

"बदकं कशी आहेत?"

शेठ खोटं बोलत नाहीत. त्यांनी टोपलीकडं बघितलं. "कोरडी आहेत."

"कोरडी?"

"म्हणजे... मजेत."

"वहिनीचा आवाज ऐकवा बरं."

शेठनं फोन वहिनीसमोर धरला. वहिनी गप्प. शेठनं इकडंतिकडं बघितलं, फोन तोंडाजवळ आणला आणि स्वतः ओरडले. कसे ओरडले ते मी करून दाखवू शकत नाही. मामा तेव्हा दारात होता, तो अजून करून दाखवतो.

पलीकडून काकू म्हणाल्या, "घसा बसलाय वाटतं तिचा."

मंगळवारी शेठ कपड्यांच्या टोपलीत बदकं घालून, वर स्वच्छ चादर टाकून गुरांच्या दवाखान्यात गेले. खिडकीत कारकून. समोर फॉर्म.

"जनावर?"

"बदकं."

कारकुनानं रकाने वाचले. "गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी. बदक नाही. कोंबडी लिहू?"

"अहो, कोंबडी कशी? ह्यांना पाण्यात जायचंय."

"मग 'इतर'मध्ये लिहावं लागेल. इतरला वेगळी खिडकी. ती तीन वाजता उघडते."

शेठ बाकावर जाऊन बसले. डावीकडं शिंकणारी शेळी, उजवीकडं एक कुत्रा, जो चादरीकडं फार प्रेमानं बघत होता. तीन वाजता तीच खिडकी बंद झाली, तोच कारकून उठून शेजारच्या खिडकीत जाऊन बसला आणि म्हणाला, "हं, जनावर?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज सासूचा. त्यांनी वहिनीची पिसं फुंकर मारून बाजूला केली, शेपटीच्या मुळाशी बोट लावलं. "हे बघा, इथं तेलाची गाठ असते. बदक चोचीनं तिथलं तेल घेतं आणि अंगभर पीस न् पीस विंचरत लावतं. पाणी वरून घरंगळतं ते त्यामुळं. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांचं सगळं तेल गेलंय. साबण लावलाय कुणीतरी. काय केलंत तुम्ही?"

शेठनं छताकडं बघितलं. "कुणीतरी धुतली."

"कुणी?"

"असंच... कुणीतरी."

"सांगा त्या गाढवाला."

"सांगतो."

"आणि धुतली ती धुतली, वर साबणही नीट काढला नाही. पिसांत साबण राहिला की पाणी आत शिरतंच."

आता मात्र शेठ पुरीसारखे फुगले. गाढव म्हणा, चालेल. पण त्यांच्या धुण्यात साबण राहिला? कडकशेठच्या? "बाई," ते म्हणाले, "साबण राहणं शक्य नाही. तीन पाण्यांतून काढली."

"तुम्ही काढली?"

"...त्या गाढवानं."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या हातातलं पेन हललं. "काय गंमत आहे बघा. दोन वर्षांपूर्वी एक बाई अशीच दोन बदकं घेऊन आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, कुणीतरी धुतली."

"काय एकेक बायका असतात!" शेठ मनापासून म्हणाले. "मुक्या जिवाशी असं वागवतं तरी कसं?"

औषध एका ओळीचं निघालं. नुसत्या कोमट पाण्यानं, पाणी नितळ येईस्तोवर खळबळून काढा. उबेत, कोरड्या पेंढ्यात ठेवा. दिवसातून तीनदा उथळ परातीत स्वच्छ पाणी द्या, चोच नि डोकं बुडेल एवढंच. पाणी अंगावर उडालं की ती स्वतःच विंचरायला लागतात. आठदहा दिवस. कोट काढा, ते काय आहे? आणि डॉक्टरीणबाई शेवटी अगदी काकूंच्या शब्दांत म्हणाल्या, "जास्तीचं काही करू नका."

घरी येऊन शेठनं पाणी काढलं. चौथ्या पाण्याला फेस आला. पाचव्याला आला. सहाव्याला थोडा. शेठ त्या फेसाकडं बघत उकिडवे बसले. चाळीस वर्षांची अब्रू फेसात होती. सातवं पाणी आरशासारखं आलं, तेव्हा कुठं ते उठले. त्यानंतर दुकानात लोकांच्या कपड्यांनाही त्यांनी एक पाणी वाढवलं, पण ते का, हे कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी वॉर्ड ऑफिसचा इन्स्पेक्टर आला. तक्रार अशी, की लाँड्रीतून आलेल्या काळ्या कोटाच्या खिशात पांढरं पीस निघालं. तक्रारदार इन्स्पेक्टर स्वतःच. कोट त्याचाच होता.

तो सरळ वाळवणीच्या खोलीत घुसला. टोपलीतून दोन माना वर आल्या.

"हे काय आहे?"

"बदकं."

"ते दिसतंय. दुकानाच्या जागेत पाळीव पक्षी ठेवायला परवाना लागतो. आहे?"

"साहेब, पाळतो ती मागं, घरात. इथं नुसती वाळायला आणली."

इन्स्पेक्टर वही काढता काढता थांबला. "वाळायला?"

"धुतलीत ना."

"म्हणजे पाळलेली नाहीत इथं. कामासाठी आलीत." इन्स्पेक्टर मनाचा वाईट नव्हता, फक्त त्याला नियमाच्या रुळावरून खाली उतरता येत नव्हतं. त्यानं भुवया आवळून विचार केला. "मग ह्यांची पावती कुठाय?"

"पावती?"

"लाँड्रीत धुतलेला आणि वाळत असलेला माल पावतीशिवाय कसा? पावती असली तर तो माल. नसली तर ते पक्षी. पक्षी असतील तर मला लिहावं लागेल."

कडकशेठनं पावतीपुस्तक काढलं. नावाच्या जागी काकूंना सगळे म्हणतात तसं 'काकू' लिहिलं. मग इन्स्पेक्टर सांगत गेला तसं लिहीत गेले. नग: दोन. रंग: पांढरे. काम: धुलाई. तक्रार: आत पाणी शिरतं. माल न्यायची तारीख: पुढचा गुरुवार. खाली छापलेलंच होतं, 'रंग गेल्यास किंवा कापड आटल्यास दुकान जबाबदार नाही.'

"नगावर चिठ्ठी लावा," इन्स्पेक्टर म्हणाला.

नगांनी चिठ्ठी लावून घेतली नाही. मुकादमनं इन्स्पेक्टरचं बोट धरलं. शेवटी मामानं शिवलेले ते दोन कोट अंगणात दोरीवर टांगले होते, त्यांतल्या एकाला पावती टाचली, आणि कायदा समाधान पावून गेला.

मग सुरू झालं ते सगळ्यांत अवघड काम. काही न करण्याचं.

पुढचा आठवडाभर शेठ वाळवणीच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले. परातीत पाणी ठेवायचं, पेंढा बदलायचा, आणि हात मांडीखाली दाबून बसायचं. पहिल्या दिवशी दोघं परातीत डोकी बुडवून पाणी अंगावर उडवत बसली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं मान मागं वळवली, शेपटीच्या मुळाशी चोच घासली, आणि एक पीस चोचीत धरून मुळापासून टोकापर्यंत सरळ ओढलं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. मधलं सुटलं की परत मागं येऊन ते धरायचं.

शेठ पुढं सरकून बघायला लागले. ही तर इस्त्री! तीही एकेका पिसाची, शिवणीशिवणीतून, आणि कुणी बघत नसलेल्या काखेतसुद्धा. "गुरुजी, हात बघा तिचा," ते म्हणाले. "म्हणजे चोच बघा. चाळीस वर्षांत मला असं काम करणारं माणूस मिळालं नाही. आणि मी हिला धुवायला गेलो!"

"मी धुवायला गेलो?" गुरुजी पेपराआडून म्हणाले. "कुणीतरी ना?"

शनिवारी वहिनीला कंठ फुटला. एकदा सुरू झाली ती पाच दिवसांची थकबाकी एकदम वसूल केली. मुकादम मागून हो हो. शेठनं स्वतः काकूंना फोन लावला, काही न बोलता नुसता टोपलीसमोर धरून ठेवला, आणि डोळे पुसले. नाक गळत होतं म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

टबाची परीक्षा मात्र बाकी होती. ती शेठनं गुरुवारी पहाटेवर ठेवली होती. काकू दुपारी येणार, त्याआधी काय ते कळेल. धाडस होत नव्हतं, हेही खरं.

काकू बुधवारीच आल्या.

पिशवी दुकानात ठेवली, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि थेट मागं. शेठ नेमके तेव्हाच पेंढा बदलायला म्हणून दोघांना अंगणात सोडून आले होते.

"अगं, चहा तरी घे!"

"घेते. आधी ह्यांना बघू दे."

"गुडघा कसा आहे? ताईचा गुडघा?"

"गुडघा आहे जागेवर." काकूंनी घरातून मटार आणले आणि मूठभर टबात टाकले. मटार म्हटल्यावर वहिनी मुकादमला तुडवून टबाकडं धावली.

शेठनं डोळे मिटले. धप्प. परत धप्प. मग कसलाच आवाज नाही. त्यांनी एक डोळा किलकिला करून बघितला.

वहिनी पाण्यावर कागदाच्या होडीसारखी बसली होती. मुकादमनं डोकं बुडवून वर काढलं, पाणी पाठीवर टाकलं, आणि ते पाणी मोत्यांसारखं घरंगळून खाली गेलं. एक थेंब थांबला नाही.

"तरंगली!" शेठ ओरडले. "मामा! गुरुजी! तरंगली!"

काकू सावकाश वळल्या. "तरंगली? अहो, बदकं ती. तरंगणार नाहीत तर काय इस्त्री करणार?"

तेवढ्यात काकूंची नजर दोरीवर गेली. दोन काळे, विताएवढे कोट. एकावर पावती. काकूंनी ती काढली आणि वाचली. पहिल्यापासून, छापलेल्या ओळीपर्यंत.

"आत पाणी शिरतं," काकू म्हणाल्या. "कुणी धुतली?"

समुद्र गेला, शेठच्या मनात आलं. आता जन्मभर ऐका. त्यांनी मान खाली घातली. "डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कुणीतरी धुतली. पण मीच धुतली. तेल लागलं हाताला. राहवलं नाही. नीळपण घातली. तू जे म्हणशील ते म्हण."

काकू कानापासून गालापर्यंत लाल होत गेल्या. शेठला वाटलं, आता फुटणार. आणि फुटल्याच, पण हसू. टबाच्या काठाला धरून, पदर तोंडात कोंबून, एवढ्या हसल्या की वहिनी मटार सोडून बघायला लागली.

"डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला," त्या कशाबशा म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल सांगितलं का हो?"

शेठच्या डोक्यात एकेक बटण लागत गेलं. "तू? अगं, म्हणजे तेव्हा तुला शिंका येतात म्हणून दहा दिवस मला दुकानात झोपायला लावलंस ते..."

"आतल्या खोलीत ती दोघं होती ना! तुमच्या गोधडीत."

"आणि माझा साबण?"

"रेशमी कापडाचा. मी पण ह्याच घरातली आहे. तेलकट कसं बघवेल?" काकूंनी डोळे पुसले. "म्हणून तर सांगून गेले, जास्तीचं काही करू नका. मला माहीत होतं ना, काय कराल ते."

"मी त्या बाईला काय काय बोललो तिथं!" शेठ पुटपुटले. "मुक्या जिवाशी, म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"काही नाही. नीळ घातली होतीस का?"

"दोन चिमट्या."

शेठला बरं वाटलं. त्यांनी एकच घातली होती.

काकूंनी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढली, पावती टबाच्या काठावर ठेवली आणि सगळ्यात खाली सही केली. मग सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या आणि पावती शेठच्या हातात देऊन चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वीस दिवस जातेय. समुद्र मोठा असतो म्हणे."

शेठनं चष्मा लावून वाचलं.

'माल मिळाला. तक्रार नाही.'